एका मार्काचं खोटं

आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ४, खंड ४

आज सत्यकामाची गोष्ट आली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधीतरी ऐकलेली असते, त्यामुळे वाचताना डोळे भराभर पुढे सरकतात. माझेही सरकले असते. पण गेल्या महिन्यात पुढचं वाचून ठेवताना हा खंड समोर आला आणि मी तिथेच अडकले. म्हणून आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांब आहे आणि बरंचसं घरातलं आहे. जी मुलंमुली पंचविशीच्या आसपास आहेत, शिकून किंवा नोकरी सुटून पुन्हा आईवडिलांच्या घरी राहायला आली आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय. त्यांच्या आयांनी वाचलं तरी चालेल. वाचावंच खरं तर.

आधी गोष्ट. सत्यकाम आईजवळ राहतो. त्याला गुरूकडे जाऊन शिकायचं आहे. गुरू गोत्र विचारणार, म्हणून तो आईला विचारतो की माझं गोत्र कोणतं. आई म्हणते, बाळा, मला माहीत नाही. तरुणपणी मी खूप ठिकाणी राबत होते, सेवा करत होते, त्या काळात तू झालास. तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम. तेव्हा तू स्वतःला सत्यकाम जाबाल म्हण.

शंकराचार्यांच्या भाष्यात याचा अर्थ असा लावला आहे की ती घरच्या कामात आणि पाहुण्यांच्या सेवेत इतकी गुंतलेली होती की नवऱ्याला गोत्र विचारायचं राहूनच गेलं. दुसरे काही जण वेगळा, जास्त अवघड अर्थ काढतात. आजच्या पुरता तो वाद बाजूला ठेवू. कुठलाही अर्थ घेतला तरी बाईला मुलासमोर कमीपणा वाटेल अशीच ती कबुली आहे.

मग सत्यकाम हारिद्रुमत गौतमांकडे जातो. ते गोत्र विचारतात. तो आईचं बोलणं जसंच्या तसं सांगतो. काही गाळत नाही, काही सावरून घेत नाही. गुरू म्हणतात, समिधा घेऊन ये, मी तुझं उपनयन करतो, कारण तू सत्यापासून ढळला नाहीस.

प्रवचनांत इथे मुलाचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण मला या वेळी आईच दिसत राहिली. ती एखादं बरंसं गोत्र सांगू शकली असती की! कोण तपासायला येणार होतं? मुलगा ते खरं मानून गेला असता, गुरूंसमोर ठामपणे बोलला असता, आणि त्याच्या तोंडून निघालेलं खोटं त्याचं स्वतःचं नसतंच. मुलगा जगापुढे खरं बोलू शकला, कारण घरात त्याला खरं मिळालं होतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. त्या आठवड्यात आमच्या घरी नेमकं उलट चाललं होतं.

आमचा मुलगा २६ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंग झाल्यावर तीन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेचा अभ्यास केला. त्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: एका खोलीत चौघं, मेसचा डबा, अभ्यासिकेतली नंबर टाकलेली खुर्ची. अर्ज लाखोंनी येतात, जागा काही शेकड्यांत. त्यात २०२५ च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे गोळे भरायची सवय लागलेल्या मुलांनी लिहिण्याचा सराव नव्याने सुरू करायचा. गेल्या वर्षी पूर्वपरीक्षेत पुन्हा अपयश आलं आणि तो सांगलीला घरी परतला.

निकालाच्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे विचारायला लागले. मी लिहिलं, 'अगदी एका मार्काने हुकलं हो.'

कट-ऑफपासून तो ३१ मार्कांनी लांब होता. हे मला माहीत होतं, त्यानेच सांगितलं होतं. मी ते वाक्य पोहे फोडणीला टाकता टाकता, एका हाताने टाइप केलं. लिहिताना खोटं बोलतेय असं वाटलंसुद्धा नाही. मुलाची बाजू सांभाळतेय असंच वाटलं. पंधरा मिनिटांत सतरा जणांची उत्तरं आली. अरेरे, नशीब, पुढच्या वेळी नक्की. मला बरं वाटलं.

नंतर तो रोज सकाळी आठला बॅग घेऊन इथल्या अभ्यासिकेत जायला लागला. अधूनमधून त्याचं स्टेटस दिसायचं: पहाटेची वेळ, टेबललॅम्प, उघडं पुस्तक, शेजारी चहाचा मग. मी ते स्टेटस पाहायचे, फोटो काढून घ्यायचे आणि ग्रुपवर टाकायचे. 'पुन्हा जोमाने सुरुवात.' वर हात जोडलेलं चित्र.

फेब्रुवारीत एक दिवस तसंच स्टेटस आलं आणि त्यात मला तो निळा मग दिसला. तो मग गौरी-गणपतीत माझ्याच हातून फुटला होता. तुकडे मीच भरले होते.

म्हणजे फोटो जुना. ठीक आहे, एखादा जुना फोटो टाकला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण त्याच आठवड्यात त्याचे कपडे भिजवताना शर्टाच्या दोन्ही बाह्यांना हळद दिसली. जेवताना सांडलेली नाही, बारीक भुकटी, शिवणीत बसलेली. सांगलीत राहणाऱ्याला ती कुठली हे कळतं. फेब्रुवारी म्हणजे मार्केट यार्डात नवी हळद यायचे दिवस. अभ्यासिकेत हळद नसते.

मला संताप आला. खरं सांगते, दुःख नाही, संतापच. मनात अख्खं भाषण तयार झालं. तीन वर्षांचा खर्च, वडिलांचं निवृत्तिवेतन, विश्वास, सगळे मुद्दे ओळीने. रात्री त्याला बोलवायचं ठरवलं. संध्याकाळी नेमाप्रमाणे वाचायला बसले आणि समोर जबाला.

इथे जरा थांबून दुसरी एक गोष्ट सांगते, कारण नाहीतर माझ्या लिहिण्याचा चुकीचा अर्थ निघेल. आमच्याकडे शनिवारी चार-सहा जण वाचनाला जमतात. त्यात एक २३ वर्षांची मुलगी येते, नोकरी करते, आईवडिलांजवळ राहते. तिने एकदा विचारलं होतं, "काकू, मी स्टेटस ठेवताना आईबाबांना वगळते. इन्स्टाग्रामवर तर फक्त जवळच्या मैत्रिणींना दिसेल असंच टाकते. हे असत्य झालं का?"

मी तिला नाही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला दाखवणं म्हणजे सत्य, असं मला कुठल्याही उपनिषदात आढळलेलं नाही. मोठ्या झालेल्या मुलांना स्वतःचा एक कोपरा लागतो. पूर्वी तो गच्चीवर असायचा, आता फोनमध्ये आहे. आम्हीही आमच्या आयांना सगळं कुठे सांगत होतो! आईने मुलीच्या फोनमध्ये डोकावायचं आणि वर मुलीलाच प्रामाणिकपणा शिकवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

पण मग ती म्हणाली की ऑफिसमधल्या मुलामुलींबरोबर वासोट्याला जायचंय, आणि घरी मैत्रिणीच्या घरी मुक्कामाला जाते असं सांगणार आहे. इथे मी तिला अडवलं. वासोटा म्हणजे बामणोलीहून होडीने पाणी ओलांडायचं, पुढे दाट जंगलातली चढण. पाय मुरगळला, होडी चुकली, तर घरचे लोक तुला मैत्रिणीच्या घरी शोधत बसणार. फोटो न दाखवणं ही तुझी मुखत्यारी आहे. पण आई ज्या माहितीच्या भरवशावर झोपणार आहे ती खोटी देण्याचा हक्क तुला नाही. ती थोडी रुसली. मग म्हणाली, "सांगितलं तर जाऊच देणार नाहीत." शक्य आहे. खरं बोलल्यावर परवानगी मिळतेच असं नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता आणि तसा तो नसल्याचं मी तिला सांगितलं. (ती सांगून गेली. भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला, पण गेली.)

त्या मुलीला शिकवलेलं आता माझ्याच घरात लावून पाहायचं होतं. मुलाने स्टेटस माझ्यापासून लपवलं नव्हतं, उलट मला दिसावं म्हणूनच ठेवलं होतं. मी एक खोटी गोष्ट खरी मानावी, यासाठी तो फोटो तिथे होता. तेव्हा ते असत्यच. पण हे असत्य त्याला सुचलं कुठून, या प्रश्नाशी आले आणि माझं भाषण संपलं. तो ग्रुप त्याच्याही फोनमध्ये आहे. एका मार्काची ओळ त्यानेही वाचली होती. त्या दिवशी तो काहीच बोलला नव्हता आणि मीही तो विषय काढला नव्हता.

जेवणं झाल्यावर त्याच्या खोलीत गेले. हळदीचं काही बोलले नाही. म्हटलं, "निकालाच्या दिवशी मी ग्रुपवर एका मार्काने हुकलं असं लिहिलं. ते खोटं होतं. ३१ होते. मी तुला न विचारता लिहिलं."

तो बराच वेळ मोबाइलचं कव्हर काढत-घालत बसला. मग म्हणाला, "त्या दिवशी आत्याचा फोन आला होता. एका मार्कासाठी सोडू नकोस म्हणाली. काकाही तेच म्हणाले. मला त्याच वेळी सोडायचं होतं, आई. पण एका मार्काने हुकलेल्याला सोडता येत नाही. ३१ ने हुकलेल्याला येतं."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी त्याची लाज झाकली असं समजत होते. प्रत्यक्षात बाहेर पडायचा दरवाजा होता, तोच मी बंद केला होता.

मग बाकीचं त्याने सांगितलं. दिवाळीनंतर तो मार्केट यार्डात एका अडत्याच्या पेढीवर कामाला लागला होता. हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांच्या नोंदी, बिलं, हिशेब. अभ्यासिकेची खुर्ची त्याने डिसेंबरातच सोडली होती. दुपारचा डबा तिथेच खायचा. पहाटेचे फोटो पुण्याहून आल्या आल्या काढून ठेवलेले होते, तेच आलटून पालटून लावत होता. "तू पुढे पाठवायचीस, म्हणून लावत होतो. बंद केले असते तर तू विचारलं असतंस." थोडं थांबून म्हणाला, "काम मला आवडतं. हेच सांगायला जास्त भीती वाटत होती."

मी विचारलं, "का?"

"तुझ्या तोंडावर काय येईल ते बघायचं नव्हतं."

मुलांनो, इथे तुम्हाला काही सांगायचं आहे, आणि मी हे तुमच्या बाजूने सांगतेय. तुमच्यातले बरेच जण घरी परत आला आहात. घरभाडं परवडत नाही, नोकरी गेली, परीक्षा हुकली, कधी आईवडिलांची तब्येत. यात लाजण्यासारखं काही नाही. पण एकाच छताखाली राहून तुम्ही घरच्यांना ओठांनी कमी आणि पडद्यावरून जास्त माहिती देता. जेवताना गप्प आणि स्टेटसवर आनंदी. आईला तुमची खुशाली पलीकडच्या खोलीतल्या तुमच्या स्टेटसवरून कळते. त्या चित्राला मागून काही विचारता येत नाही. तोंडाने खोटं बोलताना निदान आवाज तरी कापतो, समोरच्याला काहीतरी जाणवतं. फोटो टाकताना अंगठा कापत नाही. माझाही कापला नव्हता.

याच्या उलट एक प्रकार हल्ली पाहते. मन मोकळं करायचं म्हणून लांबलचक लिहायचं, हजार अनोळखी माणसांना सांगायचं, आणि ज्याला सांगायला हवं तो शेजारच्या खोलीत. मला गांधीजींची आठवण होते. साधारण पंधराव्या वर्षी, भावाचं कर्ज फेडण्यासाठी भावाच्याच कड्यातला सोन्याचा तुकडा त्यांनी चोरला होता. तो गुन्हा तोंडाने सांगायचं धैर्य होईना म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी उठून बसून ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं, आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. आत्मकथेत हा प्रसंग सगळ्यांसाठी आला तो कितीतरी वर्षांनी. त्या दिवशी तिचा वाचक एकच होता. तोंडाने जमत नसेल तर लिहा, काही बिघडत नाही. फक्त एकाच माणसाला द्या, आणि तो वाचेपर्यंत समोर बसा.

आणि आयांनो, तुमच्यासाठी तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीचा अकरावा अनुवाक. शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरू आईवडिलांना देव मानायला सांगतात, हे आपण मुलांना वारंवार ऐकवतो. पण खरं बोलायची आज्ञा त्याच्याही आधी आली आहे, आणि लगेच पुढे गुरू असंही म्हणतात की आमच्यातलं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं नको. हा भाग आपण सहसा ऐकवत नाही. मुलाचा निकाल, मुलीचं स्थळ, पगाराचा आकडा, परदेशातल्या सुनेचा फोटो, हे सगळं आपण त्यांना न विचारता थोडं वाढवून ग्रुपवर टाकतो. हळदीकुंकवाला 'मुलगा काय करतो?' हा प्रश्न येणार म्हणून आदल्या दिवसापासून उत्तर घोळवतो. ती मुलं आपलीच मुलं आहेत. तीही तेच शिकतात.

परत सत्यकामाकडे येते. उपनयन झाल्यावर गुरूंनी त्याला काय दिलं? चारशे गाई, आणि त्याही निवडून काढलेल्या रोड, अशक्त. त्या घेऊन तो रानात निघाला आणि हजार झाल्याशिवाय परतणार नाही म्हणाला. मग कितीतरी वर्षं गेली. उपनिषद त्या वर्षांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. गाई चारल्या, पाणी पाजलं, संध्याकाळी गोळा केल्या, दुसरं काय असणार! कुणाला दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पेढीवर दिवसभर बेदाण्याच्या नोंदी करणाऱ्या मुलाला मी हा भाग वाचून दाखवला तेव्हा तो हसला. म्हणाला, "त्याला निदान गाईंची संख्या तरी वाढताना दिसत होती."

ह्यांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बाहीची हळद मलाही दिसली होती." म्हणजे एका घरात तिघं जण, तिघांना माहीत, आणि तिघंही गप्प!

राहिला ग्रुप. खोटं तिथे लिहिलं होतं, तेव्हा खरंही तिथेच लिहायला हवं होतं. पण या वेळी पाठवण्याआधी मुलाला दाखवलं. मी लिहिलं होतं : 'निकालाच्या वेळी मी एका मार्काने हुकलं असं कळवलं होतं. ते चुकीचं होतं, तो ३१ मार्कांनी मागे होता. त्याने आता परीक्षा थांबवली आहे. सध्या मार्केट यार्डात काम करतो.'

त्याने मोबाइल हातात घेतला, वाचलं, आणि 'सध्या' हा एकच शब्द खोडला. मग स्वतःच पाठवलं.

हे चिंतनही त्याला वाचून दाखवलं आहे. पगार लिहिला होता, तो गाळ म्हणाला. गाळला.

ग्रुपवर दुपारभर कुणी काही बोललं नाही. एकेकाने वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या, आणि मी दर दहा मिनिटांनी जाऊन त्या पाहत होते. जाऊबाईंनी नुसता अंगठा टाकला. नणंदेचा रात्री फोन आला. थोडं रागावल्या, मला आधी का नाही सांगितलं म्हणाल्या, आणि मग फोन त्याला द्यायला सांगितला. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मोठे दीर दुसऱ्या दिवशी सकाळी उगवले. त्यांनी ग्रुपवर विचारलं, 'यंदा बेदाण्याचा भाव काय चाललाय रे?'

त्याने सविस्तर उत्तर दिलं. हिरव्याचा वेगळा, पिवळ्याचा वेगळा, काळ्याचा वेगळा.

उद्या खंड ५. गाई हजार होतात आणि बैल बोलू लागतो, तिथून पुढे वाचू.